उन्हात न ठेवायची बाटली

प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच आठवड्यात गळती शोधायची मोहीम निघाली, आणि गळती माझ्या पिशवीत होती.

२०१४ साली मी पीएच.डी.साठी गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेत दाखल झाले. वसतिगृहाच्या मेसमध्ये मासा मिळणार नाही हे कळल्यावर आईने माझ्याकडे असं बघितलं, की तुरुंगात निघालेल्या माणसाकडेही कुणी तसं बघत नसेल. डहाणूहून निघताना तिने भाजलेले सुके बोंबील बांधून दिले. कागद, त्यावर पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी, वर सुतळी. स्टेशनवरून मी थेट कामावर गेले आणि सामान टेबलाखाली सरकवलं. दुपारपर्यंत बोंबलांनी आपलं काम चोख केलं. कुणी नाक मुरडलं, कुणी खिडकी उघडली, मग आमचे मार्गदर्शक सर आले. त्यांनी दारातच हुंगून निदान केलं, "ट्रायमिथाइल अमाइन! कोई बॉटल लीक थई छे."

सरांचं शंभर टक्के बरोबर होतं. माशाला जो वास येतो तो त्याच अमाइनचा. फक्त बाटली नव्हती, बोंबील होते. सगळेजण कपाटं उघडून बुचं तपासू लागले. आणि मी काय केलं? मीही तपासू लागले. गंभीर चेहरा करून एकेक बूच हुंगत होते, मान हलवत होते, "इथे नाही" असं सांगत होते. इतका मन लावून शोध मी पुढे पीएच.डी.तही क्वचितच घेतला असेल. संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाजवळच्या कुत्र्यांना मी ते सगळे बोंबील घातले. तिथली कुत्रीही शाकाहारी वळणाची असावीत, आधी हुंगून लांब गेली, मग आली. मी तिथेच उभी राहून रडले. बोंबलांची लाज वाटली म्हणून रडले, की बोंबलांची लाज वाटली याची लाज वाटून रडले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

आई डहाणूच्या बाजारात सुकी मासळी विकते. पाऊस सरला की आमच्या घरामागच्या वाळूत बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि तोंडात तोंड अडकवलेले बोंबील त्यांवर टांगले जातात. ऊन आणि वारा ही तिची हक्काची माणसं. आमच्या घरात उन्हात ठेवायची नाही अशी वस्तूच नव्हती. गाद्या, जाळी, लोणच्याची बरणी, तापातून उठलेली पोरं, सगळं बाहेर. "उन लागलं की टिकतं," हा तिचा एकच सिद्धांत, आणि तो ती कशालाही लावायची. तिच्या मुलीने काम करायला नेमकं काय निवडावं? जे उन्हात आणि वाऱ्यात मरतं ते.

हे काम तिला समजावताना मी डांबरगोळीपासून सुरुवात केली होती. तिच्या ट्रंकेत लग्नाच्या साडीच्या घडीत डांबरगोळ्या असतात, त्यामुळे ओळख होतीच. डांबरगोळी म्हणजे कार्बनची दोन षट्कोनी कडी, एका बाजूने एकमेकांना चिकटलेली. रंग नाही. तिसरं कडं चिकटवलं तरी जवळपास पांढरंच. चौथं चिकटवलं की नारिंगी होतं. पाचवं चिकटवलं की गडद निळं, जांभळाकडे झुकणारं. कड्यांची रांग लांबली की तिच्यातले इलेक्ट्रॉन ऐसपैस पसरतात, मग त्यांना हलवायला थोडासा प्रकाशही पुरतो. म्हणून रंग. आणि असे रेणू नीट जवळजवळ बसवले तर त्यांच्यातून वीजही वाहते. प्लास्टिकच्या कागदावर त्याचा पातळ थर दिला तर वाकणारा पडदा करता येईल, गुंडाळून ठेवता येईल असं यंत्र करता येईल, वगैरे. सर संशोधनासाठी पैसे मागायच्या अर्जात हे वगैरे फार सुंदर लिहीत.

प्रत्यक्षात पाच कड्यांचा हा बाबा कशातच विरघळत नाही. म्हणून मधल्या कड्याला दोन बाजूंना दोन लांब, झुपकेदार हात फोडायचे. मग तो विरघळतो, आणि द्रावण सुकताना त्याचे रेणू छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर सरकून बसतात. माझं काम हे हात फोडायचं. सुरुवातीला एक पिवळी भुकटी करावी लागते. ती इतकी सोपी की अल्कोहोलमध्ये दोन पदार्थ मिसळून थोडा अल्कली घातला की भांडं पिवळ्या लगद्याने भरून जातं. पुढे मात्र हवेचा कणही चालत नाही, पाण्याचा थेंबही चालत नाही. शेवटी आम्लाबरोबर कथिलाचा क्षार घालायचा, आणि फिकट पिवळं भांडं डोळ्यांदेखत निळं होतं. मला ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी "आयो!" म्हणून ओरडले होते. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने काहीतरी फुटलं समजून डोळे मिटले.

आता त्याची खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीवर आहे. ते मधलं कडं हावरं असतं. द्रावणावर प्रकाश पडला की ते हवेतला ऑक्सिजन पकडतं. पकडला की पाचाची रांग मधोमध तुटते. दोन कडी अलीकडे, दोन पलीकडे. म्हणजे रंगाच्या दृष्टीने पुन्हा डांबरगोळीच, बिनरंगाची. वीज वगैरे गेलं ते गेलंच. म्हणून आम्ही खिडक्यांना काळा कागद लावून, भांड्यांना चकचकीत फॉइल गुंडाळून, हवा हटवायला वर नायट्रोजन सोडून काम करायचो.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी वाकणारा टीवी."

मी थकले होते. "हो, तसंच काहीतरी," म्हणून मोकळी झाले.

बाजारात ही बातमी कोणत्या वेगाने गेली असेल ते सांगायला नको. मी सुट्टीला आले की आईच्या शेजारी बसून जवळा विकणारी एक मावशी मला बघूनच सुरू व्हायची, "काय गं, टीवी कुठवर आला? वापीपर्यंत तरी आला का?" बाकीच्या बायका हसायच्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बाजारात तेवढीच करमणूक. पण एकदा तिने आईला विचारलं, "खरं सांग, पोरगी तिकडं कारखान्यात भांडी घासते ना?" तेव्हा आईचा चेहरा उतरलेला मी पाहिला. खरं तर मावशी फारशी चुकली नव्हती. माझा निम्मा दिवस काचेची भांडी घासण्यातच जायचा.

आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. हातमोज्याला भोक पडलं की बोटं निळी व्हायची. तशीच निळी बोटं घेऊन मी डहाणूला निघायचे, आईला दाखवीन म्हणून. उंबरगाव जाईपर्यंत ती फिकट व्हायची आणि डहाणू रोडला उतरले की कोरी. हीच बोटं पुढे करून मी काय दाखवणार होते?

अशात एका श्रावणात आईचा फोन आला. आवाज दबका. "बाय, मी शब्द दिला हाय. पुनवेला तू येणार, तुझं ते निळं आणणार, सगळ्यांसमोर दाखवणार. समाजाच्या अध्यक्षांना पण सांगून टाकलं. ते तुझा सत्कार करणार हायत."

"आई, ते दाखवायची वस्तू नाही."

"शब्द दिला ना आता," ती म्हणाली. ती कुणाशी भांडून आली असेल, कुणासमोर हे बोलून बसली असेल, ते मला दिसत होतं. माझ्या पदवीचं काय व्हायचं ते होवो, पण नारळी पौर्णिमेला बाटली निळी नसली तर आईला पुढचं सगळं वर्ष त्या मावशीशेजारी बसायचं होतं.

सरांनी परवानगी दिली, फक्त म्हणाले, बंद नळीत ने, उघडू नको. काचेची नळी आगीवर फुंकून कायमची बंद करायची आमची पद्धत आहे. पण तशी नळी अगदी इंजेक्शनच्या औषधासारखी दिसते. माझ्या आईने शब्द दिलेला, आणि मी स्टेजवर इंजेक्शन दाखवू? मी फिरकीच्या झाकणाची एक सुबक बाटली निवडली. आत गडद निळं द्रावण, वर नायट्रोजन, झाकणाला चिकटपट्टी, वरून फॉइल, त्यावर काळं कापड. गाडीत ती मी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "अस्थी आहेत का?" मी नाही म्हटलं, पण तिने हात जोडले.

पौर्णिमेला सकाळपासून पावसाने उघडीप दिली. सगळे म्हणत होते, देव पावला. खाडीच्या काठावर होड्यांना पताका लागल्या होत्या, बँडवाले ओल्या वाळूत जागा शोधत होते, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. वडील आपल्या बोटीच्या माणसांत उभे होते आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होते, म्हणजे त्यांना अभिमान वाटत होता. मी आल्या आल्या आईने मला चार जणींकडे फिरवलं आणि कापडाची एक बाजू उचलून चटकन निळं दाखवलं. जवळ्याच्या मावशीने वाकून बघितलं. "अगं बाय! खरंच निळं," ती म्हणाली. आईने पदर सारखा केला. त्या क्षणी मी घरी परत गेले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बरी संपली असती.

आमच्या वाडीत अशी रीत आहे की वर्षभरात जे काही नवं आलं असेल ते पुनवेच्या पूजेला नारळाशेजारी ठेवायचं. नवं जाळं, नव्या इंजिनाची चावी, एकदा कुणीतरी गॅसची शेगडीसुद्धा ठेवली होती. पूजा झाल्याशिवाय नव्याचा वापर नाही. अध्यक्षकाका, जन्मभर बोट हाकलेले वाडीतलेच एक म्हातारे तांडेल, मला म्हणाले, "आधी पूजेला ठेव पोरी, मग भाषण." मी बाटली कापडासकट ताटात ठेवली. आई पुढे झाली. "देवासमोर झाकून कोन ठेवतं?" म्हणत तिने कापड काढलं, फॉइल उलगडली, आणि ती फॉइल नीट घडी करून कमरेला खोचली. सोनेरी कागदात गुंडाळलेल्या नारळाशेजारी ती निळी बाटली उन्हात खरंच सुंदर दिसत होती. मलाही दोन क्षण वाटलं, दिसू दे. नुसत्या प्रकाशाने लगेच काही होणार नाही, आत ऑक्सिजन नाही.

मग अध्यक्षकाकांनी चिकटपट्टी सोलली आणि झाकण फिरवून काढलं. "बंद तोंडाची पूजा होत नसते," ते मला समजावून म्हणाले, "कलशाचं तोंड उघडं पाहिजे." आत दोन अक्षता पडल्या. बाटलीच्या पोटाला हळदकुंकू लागलं. द्रावण टोल्यूइनमधलं, म्हणजे जवळजवळ पेट्रोलच, आणि शेजारी कापूर पेटवायची तयारी चाललेली. तेवढ्यापुरता मला कंठ फुटला. "काका, आरती जरा लांबून," असं मी म्हटलं. त्यांना वाटलं पोरीला सोवळं-ओवळं कळतं. त्यांनी आरतीचं ताट लांब धरलं.

आगीसाठी तोंड उघडलं, उन्हासाठी नाही उघडलं. इतक्या माणसांत देवाच्या ताटात हात घालून 'हे झाका' कसं म्हणायचं? वीसेक मोठी माणसं डोळे मिटून हात जोडून उभी होती. मला लाज वाटली. प्रयोगशाळेत बोंबलांची वाटली होती तशीच, फक्त आता उलट्या बाजूने. तिकडे मी वाडीला लपवलं, इकडे मी शिकलेलं लपवलं. मी हात जोडले आणि डोळे उघडे ठेवले.

म्हणून मी ते सगळं बघितलं. आधी गडद निळं. मग रेशनच्या रॉकेलसारखं निळं. मग बादलीत नीळ कमी पडावी तसं. आरतीच्या शेवटच्या कडव्यापर्यंत बाटलीत फिकट पिवळट पाणी आणि तळाशी दोन अक्षता होत्या. इतर कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे नारळाकडे बघत होते. नारळ वाजतगाजत निघाला, समुद्राला अर्पण झाला, लोक परत मांडवात आले. आईने बाटलीचं झाकण लावलं, तिला हाताच्या ओंजळीत धरलं आणि न बघताच स्टेजपर्यंत चालत आली. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने ती वर उचलून माझ्या हातात दिली. तेव्हा तिला दिसलं.

आईचा चेहरा मी सांगणार नाही. मला येत नाही तो सांगायला.

मी माइकसमोर उभी राहिले. समोर सगळी वाडी. जवळ्याची मावशी पहिल्या रांगेत. ती वाईट मनाने नाही, पण मोठ्याने म्हणाली, "अगं, हे तर पानी हाय!" हसू पसरलं. मी सुरू केलं, "प्रकाशाच्या उपस्थितीत मधल्या कड्यावर ऑक्सिजनची अभिक्रिया होऊन..." आणि माइक कर्कश वाजला. लोकांनी कान धरले. मी पुन्हा "प्रकाशाच्या उपस्थितीत" म्हटलं. ते शब्द मला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचे वाटत होते. मी नुसती बाटली धरून उभी.

मग आई स्टेजवर चढली. आयुष्यात कधी माइकला हात न लावलेली माझी आई. तिने तो माझ्याकडून घेतला आणि बाजारात भाव सांगतात त्या आवाजात विचारलं, "सकाळी निळी होती का नाय?"

"होती!" ज्यांनी बघितली होती ते ओरडले. नंतर ज्यांनी नव्हती बघितली तेही.

"नारळाशेजारी ठेवली होती का नाय?"

"होती!"

"मग समुद्राने घेतला. नारळाबरोबर रंग पन घेतला त्याने. आवडला त्याला."

टाळ्या पडल्या. कुणीतरी दर्याराजाचा जयजयकार केला. बँडवाल्यांनी न सांगता वाजवायला सुरुवात केली. अध्यक्षकाकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी तो घेतला. रसायनशास्त्रातली जवळजवळ डॉक्टर असलेली मी, समुद्राने रंग गिळल्याबद्दलची शाल अंगावर घेऊन फोटोला उभी राहिले. त्या फोटोत मी हसतेय. तो फोटो आमच्या घरात भिंतीवर आहे आणि मी जेवायला बसताना त्याच्याकडे पाठ करून बसते.

घरी आल्यावर मी भडकले. "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय बोलू?" तिने विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नाही. उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. "फॉइल कशाला काढलीस?" मी म्हटलं. ती तांदूळ धुवायला मोरीकडे वळली. मला वाटलं, तिने ऐकलं नाही.

बाजारात तर तिचा भाव वाढला. आता मावशी टीव्हीचं विचारत नव्हती, उलट नव्या गिऱ्हाइकांना सांगायची, हिच्या पोरीचा रंग समुद्राने घेतला बरं का. आई हसून बोंबील तोलायची. मला वाटलं, चला, तिचं तरी निभावलं. पुढच्या श्रावणात अध्यक्षकाकांचा फोन आला, "पोरी, यंदाची बाटली कधी आणतेस? दरवर्षी द्यायला पाहिजे, समुद्राला सवय लागली." मी परीक्षेचं कारण सांगितलं. त्यानंतरच्या वर्षी यंत्र बिघडल्याचं सांगितलं. नारळी पौर्णिमेला घरी जाणं मी सोडलंच. समाजाने दिलेली शाल वसतिगृहात पायपुसण्याच्या कामी आली असती तर बरं, पण तेवढीही हिंमत झाली नाही. ती सुटकेसमध्ये डांबरगोळ्यांत पडून राहिली.

काम मात्र पुढे सरकलं. माझ्या प्रबंधाचा मोठा भाग त्या हावऱ्या कड्याला आवर घालण्यावर झाला. कड्यांमधल्या काही कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला की रेणूची ऑक्सिजनची ओढ कमी होते. रंग थोडा बदलतो, निळ्याचा मोरपिशी होतो, पण उन्हात टिकतो. त्यातून वीज कशी वाहते ते दुसऱ्या एका प्रयोगशाळेने मोजलं. बरी वाहते. फार चांगली नाही, बरी. टीव्ही काही झाला नाही. पदवी झाली.

२०१९ साली मी तलासरीच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले, तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितकाच पगार. आजूबाजूच्या पाड्यांवरून मुलंमुली यायची. पुस्तकातलं वाचून दाखवलं की झोपायची, काही करून दाखवलं की पुढच्या बाकांवर चढायची. म्हणून एका तासाला मी दोन बाटल्या नेल्या. एकीत माझं जुनं निळं, दुसरीत नवं मोरपिशी. दोन्ही उघड्या करून खिडकीत उन्हात ठेवायच्या. जुनं सगळ्यांसमोर मरेल, नवं टिकेल. याहून चांगलं भाषण मला येत नव्हतं.

त्या दिवशी आई तलासरीच्या बाजाराला माल घेऊन आली होती आणि परत जाताना कॉलेजात आली. तिने मला शिकवताना कधी बघितलं नव्हतं. "बसू का मागं?" तिने दारातून विचारलं. तिची मासळीची पाटी हातात नव्हती. मी खिडकीतून बघितलं तर ती तिने पार फाटकाबाहेर, झाडाखाली ठेवली होती. मोकळी पाटी, तरी. वास येईल म्हणून. मी तिला गळतीची गोष्ट कधीच सांगितली नव्हती. तिला ती सांगायची गरजही नव्हती. मला एकदम तोंड लपवावंसं वाटलं, पण समोर वर्ग होता.

आई शेवटच्या बाकावर बसली. मी काळं कापड काढलं, फॉइल काढली, झाकणं उघडली आणि दोन्ही बाटल्या खिडकीच्या कठड्यावर उन्हात ठेवल्या. "आता लक्ष ठेवा," असं सांगून मी फळ्याकडे वळले आणि पाच कडी काढायला लागले. तिसऱ्या कड्यापर्यंत आले असेन, मागे मुलं हसायला लागली.

वळून बघितलं तर आई खिडकीशी उभी होती. उन्हाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पदर पसरून. तिच्या सावलीत दोन्ही बाटल्या झाकल्या गेल्या होत्या. हसणाऱ्या मुलांकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मॅडम, या कोण?" एका मुलीने विचारलं.

"माझी आई," मी म्हटलं. हे तरी मला नीट म्हणता आलं.

"मावशी, सरका ना," ती मुलगी म्हणाली. "मॅडमना उन्हातच ठेवायचं आहे."

"नाय बाय," आई तिला म्हणाली. अगदी हळू, समजावून. "तुला ठाऊक नाय. उनात मरतं ते. मी एकदा मारलंय. हिचं सगळं काम मारलंय मी."

मला समुद्र आठवला, टाळ्या आठवल्या, मोरीकडे वळलेली तिची पाठ आठवली. तिने ऐकलं होतं. तेव्हा ऐकलं होतं आणि तेव्हापासून धरून ठेवलं होतं. रोज बाजारात हसून बोंबील तोलताना धरून ठेवलं होतं. झाकण तिने उघडलं नव्हतं, शोभिवंत बाटली तिने निवडली नव्हती, हात जोडून गप्प ती उभी राहिली नव्हती. हे तिला कुणी सांगायचं होतं? मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही. त्या माइकसमोरसुद्धा नाही.

यातल्या एका बाटलीला उन्हाचं काही होत नाही, हे शोधायला मला सगळी पीएच.डी. लागली होती. ते दाखवायला फक्त तिला 'बाजूला हो' म्हणायचं होतं. मला ते म्हणवलं नाही. मी खडू ठेवला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आई, ते तू मारलं नव्हतंस," मी म्हटलं.

तिने मान हलवली, लहान पोराची समजूत घालतात तशी. मग मागे न बघता विचारलं, "हाय का गं अजून निळं?"

मी तिच्या पदराखाली वाकून बघितलं.

"आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हटलं. तास संपल्याची घंटा होईपर्यंत ती तिथून हलली नाही, आणि त्या दिवशीचा प्रयोग फसला.